चटईखालची बावीस पानं

"बावीस पानं, मावशी. आणि बावीस पानं माणूस नुसता बसलाय," सेफिना म्हणाली. "तेही चटईखाली. पडद्यावर दाखवू काय?"

"चटई दाखव," फिलोमेनाने सांगितलं आणि कोकोचा घोट घेतला.

फिलोमेनाची ती एकुलती एक कादंबरी. सामोआत दोन पिढ्यांनी शाळेत वाचलेली. ट्रकखाली एक माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ट्रकवाला घरातली उंची चटई डोक्यावरून पांघरतो आणि मेलेल्याच्या दारात जाऊन बसतो. पुढ्यात सरपण आणि दगड. हवं तर मला भाजा. माफी मागायची तिथली जुनी रीत. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. तो ट्रक फिलोमेनाच्या वडिलांचा होता आणि त्याच आठवड्यात तिच्या घरचे सगळे ऑकलंडला निघून गेले, हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं.

आधीच्या दोन पटकथाकारांनी कादंबरीच्या या बावीस पानी सुरुवातीपुढे हात टेकले होते. निर्माते म्हणत, सिनेमा सरळ ट्रकपासून सुरू करा. फिलोमेना म्हणे, मग सिनेमाच नको. सेफिनाची ही पहिलीच पटकथा, आणि हातात शुक्रवारच्या चित्रीकरणापर्यंतचा वेळ.

"चटईच्या आत काय चाललंय ते मी लिहिलं," फिलोमेना म्हणाली. "दारातून काय दिसतं ते मला नाही ठाऊक. ते लोसाला विचार. माझं नाव मात्र काढू नकोस तिच्यापुढे."

"का? भांडण आहे?"

"भांडायला बोलावं लागतं, पोरी."

लोसा अजून त्याच घरात राहत होती. त्या ट्रकखाली नवरा गेला तेव्हा सव्वीसची, आता अडुसष्टची. त्या वेळचं जाणतं माणूस गावात तिच्याशिवाय उरलं नव्हतं. सेफिनाने भीतभीतच विषय काढला.

"त्या पहाटे तुम्ही काय केलंत, मावशी?"

"झाडलं." लोसा तारोचे कंद सोलत होती. "अंगण झाडलं. रस्त्याकडे बघितलं. परत झाडलं."

"एवढा कचरा होता?"

"कचरा कसला. लख्ख होतं."

"मग किती वेळ झाडलंत?"

"हात भरून येईपर्यंत."

पायरीवर बसूनच सेफिनाने लिहायला घेतलं. रस्त्याच्या कडेला चटई. दारात बाई. बाई झाडते, बघते, परत झाडते. एकही संवाद नाही. बावीस पानांचं दीड पान झालं.

"ही बाई तुम्हीच करा ना," ती लोसाला म्हणाली.

"या वयात नटी?" लोसाने सुरी पुसली. "चटई कधी उचलायची?"

"ऊन पायरीवर आलं की."

"आणि नाही उचलली तर?"

"मग सिनेमा फार लांबेल, मावशी."

लोसा पहिल्यांदाच हसली.

फिलोमेनाने दीड पान दोनदा वाचलं. झाडण्याच्या ओळीवर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"यातला शब्दही बदलू नका," ती म्हणाली. "तालीम नको. एकदाच घ्या." चटईही तिने स्वतःच्या घरची काढून दिली, आईने दोन वर्षं विणलेली, काठाला लाल पिसं लावलेली, साऱ्या गावाच्या ओळखीची.

"खाली कपडेपटातली पोरगी बसवू," दिग्दर्शक तवीता म्हणाला. "चेहरा कुठे दिसतोय."

शुक्रवारी पहाटे कॅमेरा सुरू झाला. रस्त्याच्या कडेला चटई, पुढ्यात सरपण, दगड. लोसा झाडू घेऊन बाहेर आली. झाडलं. रस्त्याकडे बघितलं, आणि तिची नजर लाल पिसांवर अडकली. मग परत झाडायला लागली, हळूहळू, चटईच्या दिशेने.

ऊन पायरीवर आलं. लोसा झाडतच राहिली.

"विसरल्या," तवीता पुटपुटला.

"थांब. चालू दे," सेफिनाने त्याचा दंड धरला.

ऊन पायरीवरून अंगणात उतरलं. चटईखाली काहीतरी थरथरलं, पण जागचं हललं नाही. तेव्हा कुठे लोसाने झाडू टाकला, चार पावलं चालून गेली आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

खाली फिलोमेना होती. मान खाली, गुडघे दुमडलेले.

सेफिनाला हसू फुटलं. म्हातारीला स्वतःच्या सिनेमात यायचं होतं तर! तवीताने कॅमेरा थांबवला नाही. त्याचे डोळे भरले होते. "मिळाली," तो कुजबुजला. "सुरुवात मिळाली, सेफिना. आता ट्रकचं नाव काढू दे कुणाला." मागे कपडेपटातली पोरगी मुसमुसत होती. सेफिनाला वाटलं, आत्ता उठून समुद्रापर्यंत पळत जावं.

लोसाने वाकून फिलोमेनाचा हात धरला. तिचा आवाज बारीक होता, पण सेफिनाच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आला.

"ऊठ, आत कोको निवतोय. पुस्तकात तुझा बाप दुसऱ्याच दिवशी पहाटे आला होता, फिलोमेना. माझ्या दारात कुणी आलं ते आज."