कासवझाडाचा चोर

चोर पकडायचाच, असं ठरवून घड्याळजी रोजच्यासारखे सकाळी फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरूनच माघारी वळले. मागच्या फाटकातून हळूच अंगणात शिरले आणि पाण्याच्या पिंपाआड दबा धरून बसले. हातात काठी होती. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी गुडघ्यांनाच दम भरला.

चोरी कळ्यांची होती. अंगणात त्यांचं लाडकं कासवझाड उभं होतं. त्याचं खरं नाव परदेशी, जिभेची गाठ बसेल असं. वर्षाकाठी ते जेमतेम बोटभर वाढे, म्हणून गल्लीनं त्याचं हे बारसं केलं होतं. घड्याळजींच्या लग्नाच्या वर्षी एका खलाशाचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी चालू करून दिलं आणि त्या खुशीत त्यानं हे रोप त्यांच्या हातात ठेवलं. मातीत वाळू मिसळा, पाणी बेतानं घाला, थंडीत गोणपाट गुंडाळा आणि घाई करू नका, एवढं सांगितलं. जाता जाता आपल्या मुलखातली एक गोष्टही सांगून गेला: ज्याच्या हातांनी याच्या मुळांवर माती दाबली, त्याला झाड फुललं की वरचं बोलावणं येतं.

"मी लावलंय हे," घड्याळजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. "येऊ दे बोलावणं! एकदा फूल बघितलं की खुशाल जाईन."

"अहो, आधी फुलू तर द्या त्याला," बायको आतून म्हणे. "तुमच्यावरच गेलंय ते. नाव मोठं, लक्षण खोटं."

खलाशाच्या हिशेबानं झाड केव्हाच फुलायला हवं होतं. पण पानं तुकतुकीत, खोड ठणठणीत आणि फुलाच्या नावानं शून्य. घड्याळजींनी खत बदललं, झाडाची मनधरणी केली, शेवटी त्याला शिव्याही घातल्या. झाडानं दाद दिली नाही. आणि आता तर त्यांचे डोळेच दगा देऊ लागले होते. आहे ती नजरही फार दिवस पुरायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. फूल बघायचं तर याच वर्षी. या एका गोष्टीनं त्यांची झोप उडाली होती.

म्हणून आदल्या दिवशी त्यांनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि हाताशी येणाऱ्या फांद्यांची टोकं तपासली. बघतात तर काय, देठ होते, कळ्याच नव्हत्या! पाखरांनी टोचलेल्या नव्हेत, नखानं अलगद खुडलेल्या. संशय शेजारच्या शिंप्यावर होता. शिंपी झाडावर जळतो, हे घड्याळजींचं जुनं मत होतं आणि त्याला पुरावा लागतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघराचं दार करकरलं. बायको बाहेर आली. हातात डुगडुगणारं स्टूल होतं. ते झाडाखाली मांडून ती वर चढली आणि सराईतपणे फांद्या चाचपू लागली. एक कळी खुडली, दुसरी खुडली, मुठीत ठेवली.

"शहाण्यासारखं गप उभं राहा," ती झाडाला म्हणाली. "आणखी एक वर्ष."

"अगं!" घड्याळजी ओरडले. स्टूल हललं. काठी टाकून ते धावले आणि त्यांनी स्टूल घट्ट धरलं. ती पडली नाही एवढं पाहिल्यावर त्यांना सगळं उमगलं.

"माझ्यासाठी? इतकी वर्षं? आणि मला वाटायचं, तुझा त्या गोष्टीवर विश्वासच नाही."

"तुमच्यासाठी कशाला?" ती वरूनच म्हणाली. "तुम्ही नुसता खड्डा खणलात. दुकानातून गिऱ्हाइकाची हाक आली, तसे पळालात. माती मी दाबली."

घड्याळजींना आठवलं. खरंच होतं ते. आयुष्यभराची बढाई एका वाक्यात मातीमोल झाली.

"म्हणजे मरणाला भ्यालीस होय?" त्यांनी चिडवायचा प्रयत्न केला.

"मी कसली भिते? मी निघेन हसत. पण आपल्या घरात साखरेचा डबा कुठे असतो, ते सांगा बघू."

घड्याळजींनी मनातल्या मनात सगळी कपाटं धुंडाळली; डबा एकाही कपाटात सापडला नाही.

मग त्यांनी मान वर केली. अगदी वरच्या फांदीवर एकच कळी उरली होती, टपोरी, टोकाला लाली धरलेली. त्यांच्या डोळ्यांनाही दिसावी इतकी लाल. दोन दिवसांत उमलली असती. त्यांनी ती डोळे भरून पाहिली.

"उतर खाली," ते म्हणाले. "वरच्या फांदीला तुझा हात पोचायचा नाही."