हेस्टरचं शेवटचं पान

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या एका बेटावरच्या वाचनालयात रेनिटा मुलांना आपलं नवं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होती. शेजारी मानाच्या खुर्चीत तिची म्हातारी आत्या लुवेनिया बसली होती. गोष्ट आत्याच्या पणजीची, हेस्टरची. अख्खा उन्हाळा पडवीत बसून आत्याने ती भाचीला सांगितली होती, काहीही न लपवता.

पहिल्या पानावर नऊ वर्षांची गुलाम हेस्टर भातखाचरात गुडघाभर पाण्यात उभी राहून उडत्या बगळ्यांकडे बघत होती. ते चित्र पाहून आत्याचे डोळे भरून आले.

मग शेवटचं पान आलं. हसरा मालक स्वतःच्या हाताने फाटक उघडत होता आणि हेस्टर नाचत बाहेर पडत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याला खरं ठाऊक होतं. हेस्टरला कुणीच सोडलं नव्हतं. पहिल्यांदा पळाली तेव्हा याच मालकाने तिच्या पायाची बोटं छाटली होती. दुसऱ्यांदा ती तशीच खुरडत गेली आणि खाडी पोहून सुटली.

“रेनिटा, हे काय केलंस गं?”

“आत्या, लहान मुलं आहेत,” भाची तिच्या कानाशी कुजबुजली. “आणि खऱ्या शेवटाला कुणी प्रकाशक हात लावेना.”

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका चिमुरडीने विचारलं, “आजी, तुमच्या पणजीने मालकाला थँक्यू म्हटलं का हो?”

आत्या खुर्चीचा हात धरून उठत होती, तोवर रेनिटा हसून म्हणाली, “म्हटलं तर! जन्मभर म्हणत राहिली.”