दुसरी बाटली

रायफलचा बोल्ट उघडेना. वैभवीने तळहाताने ठोकला तेव्हा कुठे तो हलला आणि रिकामं काडतूस बाहेर पडलं. त्याच्या बुडाची टिकली चेपून पार सपाट झाली होती. म्हणजे आतला दाब भलताच वाढला होता. आणि ही तर सगळ्यात कमी दारूची गोळी! दारू भरायच्या पुस्तकातल्या किमान मापापासून सुरुवात करायची, थोडंथोडं वाढवत जायचं आणि रायफलने कुरकुर केली की थांबायचं, अशी तिची रीत. आज रायफलने पहिल्याच गोळीला कुरकुर केली होती.

तिने उरलेल्या गोळ्या डब्यात बंद केल्या आणि ती नेमबाजी क्लबच्या मैदानावरून एडिनबराला घरी परतली.

घरामागच्या शेडमध्ये ती स्वतः गोळ्या भरायची. फळीवर बंदुकीच्या दारूच्या दोन अर्ध्या बाटल्या असत. एक हरणाच्या शिकारीच्या या छोट्या रायफलची, सावकाश जळणारी. दुसरी विकून टाकलेल्या जुन्या रायफलची, झटकन जळून दाब वाढवणारी. दाणे दोन्हींचे करडे, दिसायला सारखेच. आज फळीवर एकच बाटली होती, सावकाश जळणारीची, आणि ती गळ्यापर्यंत भरलेली. दुसरीचा पत्ता नव्हता. परवा गोळ्या भरताना यातलं काहीच आपल्या लक्षात आलं नाही, याचंच तिला जास्त भय वाटलं. भरायच्या यंत्राच्या दांड्यावर तांबूस डाग पडला होता. गंज असावा. तोही तिला आत्ताच दिसत होता.

शेडमध्ये दुसरं येणार कोण? नवरा, परीक्षित, गवत कापायचं मशीन घेण्यापलीकडे आत पाऊल टाकत नसे. सासूबाई, सुमनताई, सप्टेंबरात नागपूरहून आल्या होत्या. सून हरणं मारते हे त्यांनी नात्यात कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. शेडवरून जातानाही त्या मान फिरवायच्या. उरली वैभवी.

टेबलावर एका वेळी एकच बाटली, हा या कामातला पहिला नियम. क्लबात नव्या लोकांना तो शिकवणारी तीच. आणि तिनेच उरलेली दारू भलत्या बाटलीत ओतली, रिकामी बाटली फेकून दिली, आणि त्यातलं काहीएक आठवत नाही! ओळखीचाच रस्ता होता हा. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग वैभवीचं नाव. आई तेव्हा नुकती पन्नाशीची होती. वैभवीला पुढच्या वर्षी पन्नासावं लागणार होतं.

वैभवी भूलतज्ज्ञ होती. दिवसभर तिच्या हातात सिरिंजा असत, आणि सिरिंजमधलं जवळजवळ प्रत्येक औषध पाण्यासारखंच दिसतं.

तिने हॉस्पिटलला आजारी म्हणून कळवलं आणि घरात येरझाऱ्या सुरू केल्या. चहा टाकायची आणि प्यायला विसरायची. मग विसरली म्हणून आणखी घाबरायची. कुलूप लावलेलं दार पुन्हा ओढून बघायची. शेडमध्ये जाऊन उरलेली एकेक गोळी उघडून तिने दारू वेगळी काढली आणि हात पुनःपुन्हा धुतले. परीक्षित तिच्याकडे बघून थकला.

"अगं, एक मिस्टेक झाली. एवढं काय बीट युअरसेल्फ अप करतेस?"

"माझ्या कामात एक मिस्टेक म्हणजे एक माणूस असतो, परीक्षित. उद्या सकाळी डिपार्टमेंटच्या हेडला सांगणार आहे. मला ऑपरेशन थिएटरला लावू नका म्हणून."

"आणि मग काय करणार?"

"मेमरी क्लिनिक. आणखी काय!"

स्वयंपाकघरात सुमनताई देवासमोर बसल्या होत्या. या घरात सगळे भांडताना इंग्रजीत का शिरतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय नव्हती. दिवेलागण झाली होती.

"वैभवी, वाती देतेस का गं? खिडकीत बाटली आहे बघ."

खिडकीत पांढरी प्लास्टिकची बाटली होती. घासून घासून लख्ख केलेली, आत फुलवाती. लेबलाचा एक लाल कोपरा तेवढा खरवडूनही निघाला नव्हता. वैभवीने तो कोपरा ओळखला आणि बाटली हातात घेऊन ती तिथेच स्टुलावर बसली.

"आई, ही बाटली कुठून आणलीत?"

सुमनताई ओशाळल्या. "तुझ्या शेडमधून. दसऱ्याला शस्त्रं पुजायची असतात ना? तू ड्यूटीवर. मला तुझं ते शिकारीचं पटत नाही, पण घरात शस्त्र आहे तर ते बिनपूजेचं कशाला राहायला हवं? बंदूक तर कपाटात कुलुपात. मग त्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं. फळीवर धूळ होती, ती पुसली. दोन अर्ध्या बाटल्या उगाच जागा अडवून बसल्या होत्या, त्या एकीत ओतल्या. आपण डाळीचे डबे नाही का करत? ही बाटली चांगली होती, वातींना घेतली." त्या थांबल्या. "विचारायला हवं होतं का गं?"

वैभवीच्या हातून वाती खाली सांडल्या. "आई, माझे डोळे गेले असते. रायफल तोंडावर फुटली असती!"

सुमनताई देवासमोरून उठल्या. "अगं, काय बोलतेस हे? माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे. म्हणजे मी नाही. मी नाही केलं, आई!" वैभवीला हसू आणि रडू एकदमच आलं. मग ती वाकली आणि सासूचे पाय तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"बरं झालं आई, हे तुम्ही केलंत."