डार्करूम

मंजुषा घरच्या बाथरूममध्येच कॅमेऱ्याचे रोल धुवायची. आधीचे दोन्ही रोल उजेड लागून वाया गेले होते.

"काहून गं?" आईनं विचारलं.

"वरच्या टिनाच्या फटीतून गल्लीतल्या लायटींचा उजेड येते ना. रोल धुवायच्या बंद डब्यात भरेपर्यंत एकदम अंधार पाहिजे."

आजच्या रोलवर साकोलीतल्या त्यांच्या गल्लीतली सगळी माणसं होती. दिवेलागण झाली होती. मंजुषानं दार लावलं आणि तेवढ्यात लाईट गेली. टिनाच्या फटीसुद्धा दिसेनाशा झाल्या. तिनं चाचपडत रोल डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं. मग मोबाईलच्या उजेडात औषधं ओतली, डबा हलवला, फिल्म पाण्यानं धुतली.

ओली फिल्म उंच धरून ती नाचतच बाहेर आली. "आई, आले! सगळेच्या सगळे आले! बरं झालं बाई, लाईट गेली!"

"लाईट कुठं गेली? कूलर तं चालूच हाय," आई म्हणाली. मग दारात जाऊन तिनं अंधाऱ्या गल्लीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं हाक दिली, "झालं वो माह्या पोरीचं! लावा आता लायटी!"