आजीची वाटी
ऐका तर! माझी रूममेट तनुजा डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास सोडून चोरून चित्रं काढते. तिनं नॉर्स, म्हंजी उत्तर युरोपातल्या पुराणातला, खडकाला बांधलेला लोकी देव काढून नेटवर टाकला. वरून सापाचं विष ठिबकतंय, बायकोनं वाटी धरलीय. भरलेली वाटी ओतायला ती वळली की ह्यो तडफडतो आन् भूकंप होतो! चित्रातली वाटी मात्र हुबेहूब तनुजाच्या आजीची, किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्यातून निघालेली, आजीचं नाव 'सिंधु' कोरलेली. एका पेजवाल्यानं चित्रावरची तनुजाची सही कापून स्वतःचं नाव टाकलं. मी म्हणलं, "तुझ्याजवळची ही वाटीच पुरावा हाय, हिचा फोटो पाठवू!" तक्रार लिहीत होते, तेवढ्यात तिच्या बाबांचा फोन. "गावच्या ग्रुपवर चित्र आलंय, वाटीवर आईचं नाव हाय. तू काढलं असशील तर लातूरचा क्लास बंद." तनुजानं वाटी पोटाशी धरली. "न्हाई बाबा. खाली नाव बघा, दुसऱ्याचं हाय." मी लिहिलेली तक्रार तिनंच पुसली.