चिखलाची साक्ष

कोर्टाने माणसांची साक्ष बंद करून फक्त चिखलाची सुरू केली, तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या वैजयंती तांडेलला तपासायला आलेल्या गाळाच्या प्रत्येक नळीचा संशय यायचा. आज तिच्याच कोळीवाड्याच्या खाडीतला गाळ आला होता. पाण्यातला प्राणवायू संपला की गाळात साचणारं लोह-गंधकाचं काळं खनिज शून्य, असं यंत्राने सांगितलं. म्हणजे खाडीत मासे कधी गुदमरलेच नाहीत.

"करा सही, मॅडम. खाडीत सांडपाणी सोडणारा आमचा नाला आजच पुन्हा सुरू करायचाय," कारखान्याचे वकील दाभाडे म्हणाले.

तिने गाळात लिटमसची निळी पट्टी खुपसली. पट्टी लाल झाली.

"नळी उघडी ठेवून गाळाला हवा खाऊ घातलीत ना? खनिज गेलं, पण त्यातल्या गंधकाचं आम्ल झालं. ते इथंच बसलंय."

"कोर्ट यंत्राचं ऐकतं."

"मग यंत्राला आम्लच मोजायला लावते."

दाभाड्यांनी नळीवर झडप घातली, आणि वैजयंतीचा उरलासुरला संशय फिटला.