पेटीतली पक्कड

तारापूरच्या प्लँटवर चंद्रभान बॅटऱ्यांच्या जाडजूड केबली जोडायचा. हत्यार निवडण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. घरी बायको सुगंधा बाळंत झाली, सुईण मंगळीनं नाळ कापायला ब्लेड मागितलं, तर हा आख्खी पेटी घेऊन दारात उभा!

"कापायला ही कात्री, सोलायला सुरी, टोक दाबायला ही पक्कड. जाडी किती आहे, मंगळीबाय?"

"अरे बाबा, पोरीची नाळ हाय, तुजी वायर नाय!"

शेवटी नाळ दोऱ्यानं बांधून ब्लेडनंच कापली. पण पोर काही रडेना. मंगळीनं पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. घाबरलेल्या चंद्रभानच्या हातून ती अवजड पक्कड सुटली आणि फरशीवर धाडकन आदळली.


पोरीनं घर डोक्यावर घेतलं, तशी मंगळी म्हणाली, "बरं निवडलंस रे हत्यार!"